एकोणपन्नास बिटांचा गळा

डिजिटल वॉकीटॉकीवर ऐकू येणारा आवाज बोलणाऱ्याचा नसतो. मेट्रोच्या फलाटावरचा सुरक्षारक्षक बटण दाबून "गेट नंबर दोनवर गर्दी आहे, ओव्हर" म्हणतो. पलीकडचा साहेब तो आवाज लगेच ओळखतो, "काय रे, घसा बसलाय का आज?" असंही विचारतो. पण रक्षकाच्या गळ्यातून निघालेली ध्वनिलहर त्याच्या हातातल्या यंत्रापाशीच संपलेली असते. पुढे हवेतून गेलं ते त्या आवाजाचं वर्णन. साहेबाच्या कानाशी असलेल्या यंत्राने ते वर्णन वाचलं आणि तसा आवाज स्वतः नव्याने तयार केला. बसलेल्या घशासकट.

पोलीस ठाण्यात माणूस हरवल्याची तक्रार द्यायला गेलं की हवालदार विचारतो: उंची किती, बांधा कसा, रंग सावळा की गोरा, चेहरा गोल की उभट, अंगात काय होतं? या चार-सहा उत्तरांवरून दुसऱ्या गावातला शिपाई स्टँडवरच्या गर्दीत तो माणूस ओळखू शकतो. डिजिटल वॉकीटॉकी तुमच्या आवाजाची अशी तक्रार सेकंदाला पन्नास वेळा नोंदवते. डीएमआर नावाच्या पद्धतीत दर वेळी वर्णनासाठी तिच्याजवळ जागा असते फक्त 49 बिटांची, म्हणजे शून्य किंवा एक अशा एकोणपन्नास खुणांची.

हा आकडा किती छोटा आहे ते साध्या टेलिफोनशी ताडून पाहू. टेलिफोन कंपन्यांच्या डिजिटल यंत्रणेत आवाजाची उंची-खोली सेकंदाला 8000 वेळा मोजली जायची आणि प्रत्येक मोजणीला 8 बिट लागायचे. सेकंदाला 64,000 बिट झाले. डीएमआरवर चालणाऱ्या वॉकीटॉकीत बोलण्याच्या वाट्याला सेकंदाला येतात 2450 बिट. सव्वीस भागांतले पंचवीस भाग फेकून दिले, उरलेल्या एका भागावर बोलणं कळतं आणि माणूसही ओळखू येतो.

जुन्या वॉकीटॉकीत असली काटकसर नव्हती. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैनिक पाठीवर बांधून नेत असत तो एससीआर-300 हा संच एफएमवर चालायचा. सैनिकाचा आवाज चढला-उतरला की रेडिओलहरीची वारंवारता त्याबरोबर हलायची. पलीकडचा संच ती हालचाल पुन्हा आवाजात बदलायचा. तिथे आवाज खरोखरच लहरीवर स्वार होऊन जात असे. वाटेतली खरखरही त्याच्यासोबत चढून बसायची, आणि अंतर वाढेल तशी खरखर वाढून बोलणं तिच्यात बुडत जायचं.

आवाजाऐवजी त्याचं वर्णन पाठवायची कल्पना मात्र त्या युद्धाहूनही जुनी आहे. अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये होमर डडली नावाचे अभियंता होते. समुद्राखालच्या तारेतून बोलणं कसं पाठवायचं, हा प्रश्न 1928 च्या सुमारास त्यांच्यापुढे होता. तारेत जागा फार थोडी, आणि आवाज जसाच्या तसा नेला तर मावत नाही. डडलींनी निराळाच विचार केला. आवाज कितीही वेगाने थरथरत असला तरी तो घडवणारी जीभ, ओठ आणि जबडा यांची हालचाल संथ असते. मग थरथर कशाला पाठवायची? तोंड कसं हलतंय तेवढं कळवावं आणि पलीकडे यंत्राने त्यावरून बोलावं. या यंत्राला त्यांनी व्होकोडर म्हटलं. त्याचंच एक भावंड 1939 च्या न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात लोकांनी पाहिलं. एक तरुणी कळा आणि पायपट्टी चालवी आणि यंत्रातून माणसाचं बोलणं उमटे.

युद्ध पेटल्यावर तीच कल्पना गुपितासाठी कामाला लागली. सिगसॅली हे त्या यंत्रणेचं नाव. जुलै 1943 मध्ये वॉशिंग्टन आणि लंडन तिने जोडले गेले. लंडनचं ठाणं ऑक्सफर्ड स्ट्रीटवरच्या सेल्फ्रिजेस या मोठ्या दुकानाच्या तळघरात होतं. वर खरेदी चालू आणि खाली चर्चिल-रूझवेल्टच्या बोलण्याची यंत्रं. एका ठाण्याचं वजन सुमारे 55 टन. प्रत्येक संभाषणाचं वर्णन ग्रामोफोनच्या तबकडीवरच्या निरर्थक खरखरीत मिसळून पाठवलं जाई. जुळी तबकडी फक्त पलीकडच्या ठाण्यात, आणि वापरून झाली की दोन्ही नष्ट. बोलण्याचे आकडे करून ते पाठवणारी ही पहिल्या यंत्रणांपैकी एक. 1976 पर्यंत ती गुप्त होती.

सिगसॅली आवाजाचं माप सेकंदाला पन्नास वेळा घ्यायची, दर 20 मिलिसेकंदांनी. आज पट्ट्याला अडकवायच्या वॉकीटॉकीतही तेच 20 मिलिसेकंद आहेत. 55 टनांचं पाव-अर्ध्या किलोवर आलं, व्हॉल्व्ह जाऊन नखाएवढी चिप आली, पण हा आकडा हलला नाही. कारण माणसाची जीभ तेव्हाइतकीच जड आहे. 20 मिलिसेकंदांत तिची जागा फारशी बदलत नाही, म्हणून तेवढ्या वेळाला एकच वर्णन पुरतं.

या वर्णनात नेमकं काय असतं, ते कळायला स्वतःच्या गळ्यावर हात ठेवावा. आता लांबलचक "सऽऽऽ" म्हणा. हाताला काहीच जाणवणार नाही. फक्त हवा दातांपाशी घासत बाहेर पडते. "आऽऽऽ" म्हणा. गळा थरथरेल. शाळेच्या व्याकरणात आपण कठोर वर्ण आणि मृदू वर्ण, किंवा अघोष आणि घोष, असं पाठ केलेलं असतं. क-च-ट-त-प एका गोटात आणि ग-ज-ड-द-ब दुसऱ्या. परीक्षेपुरता वाटणारा तो भेद म्हणजे व्होकोडरचा पाया आहे. गळा थरथरतोय का? थरथरत असेल तर किती वेगाने? आवाजाचा जोर किती? आणि तोंडाच्या पोकळीने कुठल्या पट्टीतला आवाज फुलवला, कुठला दाबला? या चार प्रश्नांची उत्तरं म्हणजे आवाजाचं वर्णन.

आता तसाच हात ठेवून "झाड" म्हणा, पण झ लांबवून. गळा थरथरतोच, शिवाय जिभेच्या टोकाशी हवा घासल्याची फुसफुसही होते. जुने व्होकोडर इथे अडायचे. त्यांना प्रत्येक तुकड्याला घोष किंवा अघोष असा एकच शिक्का मारता यायचा. झ वर कुठलाही शिक्का मारला तरी अर्धं खोटं व्हायचं, आणि पलीकडे ऐकू यायचा तो भोंग्यासारखा, नाकातला, यांत्रिक आवाज. एमआयटीतले डॅनियल ग्रिफिन आणि जे लिम यांनी 1980 च्या दशकात यावर तोड काढली. आवाजाचे खालपासून वरपर्यंत अनेक पट्टे पाडायचे आणि प्रत्येक पट्ट्याला घोष-अघोषाचा वेगळा शिक्का द्यायचा. झ मध्ये खालचे पट्टे घोष, वरचे अघोष. आजच्या बहुतेक डिजिटल वॉकीटॉक्यांमधला आवाज याच कल्पनेच्या वंशातला आहे.

यातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट अशी की या यंत्राला भाषा येत नाही. त्यात इंग्रजीची वर्णमाला भरलेली नाही आणि मराठीचीही नाही. अमेरिकेत घडलेल्या या चिपमधून आपला ळ आणि ण बिनतक्रार जातात, कारण ती अक्षरं ओळखायच्या भानगडीतच पडत नाही. ती वर्णन करते गळ्याचं, आणि गळा सगळीकडे सारखाच.

49 बिटांची वाटणीही बघण्यासारखी आहे. स्वर किती उंच हे सांगायला 7 बिट. कुठले पट्टे घोष आणि कुठले अघोष, याला 5. जोराला 5. उरलेले 32 तोंडाच्या पोकळीने आवाजाला दिलेल्या आकारासाठी. बस्स. थरथरीच्या लाटा एकमेकींच्या किती पुढे-मागे आहेत हे कळवायला जागाच नाही, म्हणून ते पलीकडचं यंत्र आपल्या मनाने ठरवतं. आपल्या कानाला त्यातला फरक जवळजवळ कळत नाही. आणि "स" चं काय? स म्हणजे नुसती फुसफुस, तिला ठरावीक आकार नाही. म्हणून पाठवणारा संच एवढंच सांगतो, "इथे अमुक जोराची फुसफुस होती." ऐकणारा संच स्वतःच्या पोटात कुठलाही क्रम नसलेले आकडे तयार करून त्यांची फुसफुस बनवतो. म्हणजे साहेबाने ऐकलेला प्रत्येक स खुद्द साहेबाच्याच यंत्राने काढलेला असतो.

या स चं दुखणं थोडं वेगळंही आहे. त्याचा बराचसा जोर फार वरच्या पट्टीत असतो आणि वॉकीटॉकी साधारण टेलिफोनइतकीच पट्टी ऐकते, 4000 हर्ट्झच्या आतली. वरचं कापलं जातं. मराठीत "साठ" आणि "आठ" यांच्यात फक्त त्या एका स चं अंतर आहे. आकडा महत्त्वाचा असेल तर जाणती माणसं "सिक्स झिरो" असं एकेक अंक सुटा करून सांगतात, ते उगाच नाही.

वर्णन तयार झालं. आता ते हवेतून न्यायचं, आणि हवेत त्याचे धिंडवडे निघतात. इमारती, झाडं, लोखंडी पूल, शेजारून जाणारा ट्रक, कशानेही बिट उलटतो. शून्याचा एक झाला की वर्णन बदललं. उंचीच्या 7 बिटांतला पहिलाच उलटला तर पुरुषाचा आवाज क्षणभर लहान मुलीचा होईल. म्हणून दर 49 बिटांना आणखी 23 बिटांचा पहारा दिलेला असतो. पण सगळ्यांना सारखा नाही. सर्वांत मोलाचे 24 बिट बाजूला काढून, बारा-बाराच्या दोन गटांत, त्यांना पहाऱ्यात ठेवतात. एका गटाचे होतात 24 आणि दुसऱ्याचे 23. उरलेले 25 बिट तसेच उघड्यावर. त्यांतला एखादा बिघडला तर आवाज जरासा खरबरीत होतो, बिघडला तर बिघडला.

या पहाऱ्याची रचना मार्सेल गोले या स्विस वंशाच्या अभियंत्याची. 1949 साली त्यांनी ती मांडली, जेमतेम पानभराच्या टिपणात. ते तेव्हा अमेरिकी लष्कराच्या सिग्नल कोअरच्या प्रयोगशाळेत होते, म्हणजे ज्या खात्यासाठी ते पाठीवरचे वॉकीटॉकी बनले त्याच खात्यात. गोलेंचं गणित असं: 12 बिटांना 11 जादा बिट जोडून 23 करा. वाटेत त्यांतले कुठलेही तीन बिघडले तरी मूळचे 12 बरोबर शोधून काढता येतात. कसे? 23 बिटांत एकही चूक नसणं, हा 1 प्रकार. एक चूक होण्याचे 23 प्रकार. दोन चुकांचे 253. तीन चुकांचे 1771. बेरीज करा: 2048. आणि 11 जादा बिटांनी किती वेगवेगळ्या अवस्था दाखवता येतात? दोनचा अकरावा घात, 2048. एक जास्त नाही, एक कमी नाही. प्रत्येक चुकीला नेमकी एक जागा. गणितात अशी चपखल जुळणी फार क्वचित सापडते, आणि ती सापडली तेव्हा कुणाच्या स्वप्नातही नसेल की ती कशाकशाला उपयोगी पडणार आहे.

व्हॉयेजर यानांनी 1979 मध्ये गुरूचे आणि पुढच्या दोन वर्षांत शनीचे रंगीत फोटो पाठवले, ते गोलेंच्याच पहाऱ्यात, 24 बिटांच्या रूपात. साठ-सत्तर कोटी किलोमीटरवरून आलेल्या गुरूच्या तांबड्या डागाला ज्या गणिताने सांभाळलं, तेच आज सोसायटीच्या वॉचमनचं "बी विंगची लिफ्ट बंद आहे" सांभाळत असतं.

याचा एक परिणाम वापरणाऱ्यांना पहिल्याच दिवशी कळतो. जुन्या संचावर माणूस दूर जाऊ लागला की खरखरीवरून अंदाज यायचा. आवाज जीर्ण होत होत जायचा. डिजिटलवर आवाज स्वच्छ, स्वच्छ, स्वच्छ, आणि मग एकदम नाहीच. पहाऱ्याला झेपतील तेवढ्या चुका असेपर्यंत तो त्या गुपचूप दुरुस्त करतो. त्याच्या पलीकडे गेलं की यंत्र आधी मागचंच वर्णन पुन्हा वाजवून पोकळी भरायचा प्रयत्न करतं. तेव्हा तो चिरका, अडखळता, रोबोटसारखा आवाज येतो. तरीही चांगलं वर्णन मिळालं नाही की यंत्र गप्प बसतं. आपण पल्ल्याच्या कडेशी आलोय, ही सूचना देणारी खरखर गेली. सोय म्हणून ठीक. डोंगरात शोधपथकात असाल तर ती खरखर हवीशी वाटेल.

हे बिट हवेत जातात कसे? इथे मात्र लहर अजूनही एफएमच्याच चालीने हलते, फक्त मोकाट नाही. तिला चारच पायऱ्या दिलेल्या आहेत: मूळ जागेहून 648 हर्ट्झ वर किंवा खाली, नाहीतर 1944 हर्ट्झ वर किंवा खाली. प्रत्येक पायरी म्हणजे दोन बिट. सेकंदाला 4800 वेळा लहर यांपैकी एका पायरीवर पाय ठेवते. समजा संच 446 मेगाहर्ट्झवर आहे, म्हणजे लहर सेकंदाला 44 कोटी 60 लाख वेळा थरथरतेय. त्यात सगळ्यात मोठी पायरी 1944 ची. दशलक्ष भागांतले जेमतेम साडेचार भाग हलले, आणि तेवढ्यावरून पलीकडच्याने ओळखायचं की हे "शून्य-एक" आहे की "एक-एक". तेही सेकंदाच्या पाच हजाराव्या हिश्श्यात.

आणि खरी कमाल याच्याही पुढे आहे. डीएमआरचा संच बोलताना निम्मा वेळ बंद असतो. युरोपच्या दूरसंचार मानक संस्थेने, म्हणजे एट्सीने, 2005 मध्ये हे मानक काढलं तेव्हा वेळेचे 30-30 मिलिसेकंदांचे तुकडे केले. पहिला तुकडा तुमचा, दुसरा दुसऱ्या कुणाचा, तिसरा पुन्हा तुमचा. तुम्ही 60 मिलिसेकंद बोललात की त्याची तीन वर्णनं होतात, आणि यंत्र ती दाबून साडेसत्तावीस मिलिसेकंदांत पाठवून देतं. उरलेल्या वेळात ते प्रक्षेपण बंद करून बसतं आणि त्याच वारंवारतेवर दुसऱ्याच दोघांचं बोलणं चालू असतं. ना तुम्हाला त्यांचं ऐकू येतं ना त्यांना तुमचं. पूर्वी जिथे एक संभाषण मावायचं त्या 12.5 किलोहर्ट्झच्या पट्टीत आता दोन. प्रक्षेपण निम्माच वेळ, त्यामुळे बॅटरीही जास्त टिकते.

साडेसत्तावीस आणि तीस यांच्यामधले अडीच मिलिसेकंद कशाला ठेवले? काही वेळ प्रक्षेपक चालू आणि बंद व्हायला लागतो, आणि काही प्रकाशाच्या वेगासाठी राखून ठेवावा लागतो. रेडिओलहर एका मिलिसेकंदात 300 किलोमीटर जाते. डोंगरावरच्या रिपीटरपासून, म्हणजे बोलणं पकडून पुढे पाठवणाऱ्या यंत्रापासून, कुणी पाच किलोमीटरवर असेल, कुणी साठ. दूरच्याची खेप उशिरा पोचणार आणि पुढच्याच्या तुकड्यात घुसणार. ती घुसू नये म्हणून ही मोकळी जागा. हातातल्या, जेमतेम वीतभर उंचीच्या वस्तूला प्रकाशाच्या वेगाचा हिशेब ठेवावा लागतो.

वेळ वाटून घ्यायची ही पद्धत एकट्या डीएमआरची नाही. 1995 च्या सुमारास आलेली टेट्रा 25 किलोहर्ट्झमध्ये चार तुकडे पाडते; ब्रिटनचे पोलीस ती वापरतात, दिल्ली मेट्रोत ती आहे, आणि 2010 च्या राष्ट्रकुल स्पर्धांसाठी दिल्लीत तिचं जाळं उभारलं होतं. अमेरिकेत पोलीस आणि अग्निशमन दलांसाठी 1989 पासून पी-25 घडत गेली. तिच्या पहिल्या पिढीने वेळ वाटला नाही, दुसऱ्या पिढीने दोन तुकडे केले.

आवाजाचे बिट झाले की त्यांच्या शेजारी दुसरे बिट बसवणं काहीच अवघड नाही. दुकानदार ज्याला फीचर म्हणून मोजून दाखवतो ते सगळं इथून येतं: बोलणाऱ्याचा नंबर पडद्यावर दिसणं, शंभर जणांतून एकालाच हाक मारणं, "सफाई", "पार्किंग", "सुरक्षा" असे वेगळे टॉकग्रुप, छोटा लेखी निरोप, जीपीएसवरून ठिकाण, संकटाचं केशरी बटण, आणि माणूस आडवा पडला व हललाच नाही तर आपोआप जाणारी हाक. संच चोरीला गेला तर नियंत्रण कक्षातून तो मुका करता येतो. मला यातली एकच गोष्ट थांबून सांगावीशी वाटते. कुणी बोलत असताना मध्येच तुम्ही संच चालू केलात तर? सुरुवात चुकली, मग हे बोलणं आपल्या ग्रुपसाठी आहे की नाही, ते संचाला कसं कळणार? म्हणून बोलणाऱ्याचा आणि ग्रुपचा पत्ता दर 360 मिलिसेकंदांत पुन्हा पुन्हा, आवाजाच्या तुकड्यांच्या बरोबर मध्यभागी, थोडा थोडा विणलेला असतो. उशिरा आलेला माणूस सेकंदाच्या आत संभाषणात सामील होतो.

या सगळ्याला वेळ लागतो. ऐकायचं, वर्णन करायचं, पहारा लावायचा, आपल्या पाळीची वाट बघायची, पलीकडे पुन्हा आवाज घडवायचा. म्हणून बटण दाबल्या दाबल्या बोललं की पहिला शब्द खाल्ला जातो, आणि "थांबवू नका" मधलं पहिलं अक्षर गेलं तरी चालेल, पण "नको सोडू" मधलं "नको" गेलं तर पंचाईत. बटण दाबा, टूं ऐका, मग बोला.

घ्यायच्या विचारात असाल तर एक व्यवहाराची गोष्ट. भारतात वॉकीटॉकी हे परवान्याचं काम आहे. 2018 च्या नियमांनी 446.0 ते 446.2 मेगाहर्ट्झ ही छोटी पट्टी परवान्याविना मोकळी केली, पण त्यातही संचाला सरकारी मान्यता लागते. ऑनलाइन स्वस्तात मिळणारे अनेक संच या पट्टीबाहेरही बोलू शकतात, म्हणजे नकळत पोलिसांच्या किंवा इतर कुणाच्या वारंवारतेत घुसू शकतात. 2025 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने याच कारणावरून ऑनलाइन विक्रेत्यांना नोटिसा काढल्या आणि विक्रीचे नियम आखले. खोक्यावर वारंवारता आणि मान्यतेचा क्रमांक बघितल्याशिवाय घेऊ नये.

आता त्या वर्णनाच्या मर्यादेकडे येऊ. व्होकोडरला भाषा येत नाही हे खरं, पण तो गृहीत धरून चालतो की समोर माणसाचा एकच गळा आहे. अमेरिकेतल्या अग्निशमन दलांनी पी-25 चे संच घेतले तेव्हा हे गृहीतक आगीत सापडलं. जवानाच्या तोंडावर श्वासाचा मुखवटा, शेजारी छप्पर कापणारी यांत्रिक करवत, पंपाची घरघर, आणि जवान निश्चल पडला तर कर्कश वाजणारा त्याच्या अंगावरचा भोंगा. या सगळ्याचा मिळून एक आवाज माइकमध्ये शिरतो आणि यंत्र त्याला विचारतं, गळा किती उंच थरथरतोय? करवतीला गळा नसतो. यंत्र तरीही मुकाट्याने गळ्याचंच एक वर्णन भरतं, आणि पलीकडे येतो तो करवत आणि माणूस यांच्यापैकी कुणाचाच नसलेला चिवचिवाट. जुन्या एफएमवर करवत करवतीसारखी आणि माणूस माणसासारखा येतो. मग आपला कान त्या गोंगाटातून माणूस वेचून काढतो, आणि या कामात कानाला तोड नाही. तक्रारी वाढल्यावर अमेरिकी सरकारच्या दूरसंचार प्रयोगशाळेने आगीच्या जागचे हे आवाज घेऊन चाचण्या केल्या. 2008 च्या त्या अहवालात काही गोंगाटांमध्ये जुन्या पद्धतीचं बोलणं डिजिटलपेक्षा जास्त समजलं. पुढे गोंगाट दाबणारे दुहेरी माइक आले, व्होकोडर सुधारले. तरीही तिथल्या अनेक दलांनी आगीच्या ठिकाणचं, जवानाजवानांतलं बोलणं एफएमवरच ठेवलं.

विमानं तर एफएमच्याही आधीच्या एएमवर बोलतात, आजही. तिथे दोन वैमानिक एकाच वेळी बोलले तर नियंत्रकाला शिट्टीसारखा गोंधळ ऐकू येतो, आणि दोघे बोलले हे निदान कळतं. एफएमवर जोरकस संच दुबळ्याला पार गिळतो; दुसरा कुणी बोलत होता याचा पत्ताही लागत नाही.

आपल्याकडे व्होकोडरची गोंगाटातली परीक्षा घ्यायची तर गणपती विसर्जनाची मिरवणूक पुरे. ढोल-ताशांच्या पथकाशेजारी उभ्या असलेल्या हवालदाराच्या हातात डिजिटल संच असेल, तर त्यातल्या व्होकोडरपुढे ताशाचा कडकडाट येतो, ज्याला गळा नाही आणि स्वरही नाही. त्यावर उपाय जुनाच: माइक ओठांपासून दोन-तीन बोटांवर, तोंड आवाजाकडे नको, पाठ आवाजाकडे, आणि ओरडायचं नाही. ओरडल्याने आवाज फाटतो आणि वर्णन आणखी चुकतं.

हे सगळं स्वतः ऐकून पाहता येतं. डीएमआरमधला व्होकोडर एका खासगी अमेरिकी कंपनीचा आहे, त्याची चिप किंवा परवाना विकत घ्यावा लागतो. पण ऑस्ट्रेलियातल्या डेव्हिड रो यांनी कोडेक-2 नावाचा एक व्होकोडर लिहून सगळ्यांसाठी खुला ठेवला आहे. कुणालाही तो फुकट उतरवून घेता येतो, उघडून आतलं बघता येतं, आणि तो सेकंदाला 3200 बिटांपासून 700 बिटांपर्यंत खाली उतरतो. घरातल्या एखाद्याचा आवाज रेकॉर्ड करून आधी 3200 वर ऐका, मग 700 वर. माणूस ओळखू येतो का आणि कुठल्या आकड्यापर्यंत, यावर घरात पैज लागू शकते. मग त्याच यंत्राला कुकरची शिट्टी ऐकवा. ते तिचंही माणसाच्या गळ्यासारखं वर्णन करायला बसेल, आणि काय ऐकू येईल ते सांगण्यापेक्षा ऐकण्यातच मजा आहे.